वेणीफणी : धार-देवासच्या मराठी घरांतील एक अलिखित विद्या

(१)

धार नगरीतून मिळालेला एक भग्न शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केलेला आहे. रोडा नावाच्या कवीची ‘राउळवेल’ ही रचना त्यावर कोरलेली असून तिचा काळ सामान्यतः इसवी सनाचे अकरावे शतक मानला जातो. हरिवल्लभ भायाणी व माताप्रसाद गुप्त ह्या विद्वानांनी तिचे वाचन आणि संपादन केल्यापासून ती भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित झाली आहे. निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांचे आपादमस्तक रूपवर्णन निरनिराळ्या बोलींच्या छटांत करावयाचे, अशी तिची योजना आहे. आणि त्यांतील एका भागात जुन्या मराठीची लक्षणे दिसतात, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ह्या मताविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही; त्या वादात शिरण्याचे येथे कारणही नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा कवी स्त्रियांचे वर्णन करू लागतो तेव्हा त्याची दृष्टी केशरचनेवर खिळते, आणि त्याच्या शब्दसंग्रहात ‘खोंप’ हा शब्द येतो. आज आपण ज्याला ‘खोपा’ म्हणतो, त्याचाच हा पूर्वज होय.

म्हणजे सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी धारेत कोरलेल्या दगडावर आपल्या घरातला एक शब्द सापडतो. परंतु त्या दगडाने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हेही पाहावयास हवे. कवीने खोपा पाहिला तो बांधून पुरा झाल्यावर. तो कोणी बांधला, त्याला तेल कोणते लावले, केसांतला गुंता कोणी व किती वेळ बसून सोडविला, सकाळी बांधलेला खोपा सांजेपर्यंत कशाने टिकला, ह्यांविषयी शिलालेख मौन धरतो. हे मौन एकट्या रोडा कवीचे नाही. आपल्याकडील शिल्पे, काव्ये आणि कोश ह्या सर्वांनीच केशरचनेचे रूप टिपले; तिची निगा टिपली नाही. अमरकोशात ‘कबरी’, ‘धम्मिल्ल’, ‘वेणी’, ‘प्रवेणी’ अशी रचनांची नावे आहेत, ‘प्रसाधनी’ व ‘कंकतिका’ अशी फणीची नावेही आहेत. पण ती फणी केसांतून कशी फिरवावी, हे सांगणे कोशकाराचे काम नव्हते. ते काम घरातील स्त्रियांनी केले, आणि त्यांनी ते लिहून ठेवले नाही. ह्या अलिखित विद्येचे नाव मराठीत ‘वेणीफणी’ असे आहे. धार आणि देवास ह्या दोन मराठी राजधान्यांच्या परिसरात तिचा जो इतिहास उभा करता येतो, तो येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

(२)

माळव्याची भूमी ह्या बाबतीत अगदीच मुकी नाही. देवासपासून उज्जयिनी जवळच आहे. आणि त्या उज्जयिनीचे वर्णन करताना ‘मेघदूता’त कालिदासाने नगरातील गवाक्षांतून बाहेर पडणारा धूर दाखविला आहे. हा धूर स्वयंपाकाचा नाही किंवा यज्ञाचाही नाही. स्त्रियांच्या केशसंस्काराचा आहे. न्हाल्यावर ओले केस सुगंधी धुपावर वाळवावयाचे, म्हणजे ते लवकर सुकतात, सुवासिक होतात आणि दमट राहून कुबट होत नाहीत, असा तो संस्कार होता. कवीने ह्या धुराने मेघ पुष्ट होईल अशी कल्पना केली. त्यातील कल्पनेचा भाग सोडला तरी वस्तुस्थिती उरतेच : धूप घालून केस वाळविणे ही गोष्ट त्या नगरात नेहमीची होती. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून, तीवर ओवा, बाळंतशेपा आणि धूप टाकून तिचे केस शेकण्याची जी रीत होती, तिला ‘धुरी’ म्हणत. ह्या दोहोंचा वंशसंबंध सिद्ध करता येईल असे मी म्हणत नाही. मात्र क्रिया आणि हेतू एकच आहेत, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

ह्याच अवंतीचा दुसरा साक्षी वराहमिहिर होय. सहाव्या शतकातील हा ज्योतिषी ‘बृहत्संहिते’त ग्रहगती व पर्जन्याबरोबरच ‘गंधयुक्ती’वरही एक अध्याय लिहितो, आणि त्याचा आरंभच केसांपासून करतो. पांढऱ्या केसांना फुले, वस्त्रे व अलंकार शोभत नाहीत, असे सांगून तो केस काळे करण्याची कृती देतो. लोखंडी भांड्यात आंबट द्रवाबरोबर कोद्रू शिजवून, त्यात लोहचूर्ण मिसळून लेप करावा, तो लावून वर ओल्या पानांनी डोके बांधावे, दोन प्रहरांनी धुऊन आवळ्याचा लेप द्यावा, अशी ती कृती आहे. पुढे लोखंडाचा वास जावा म्हणून दालचिनी, तगर, वाळा, नागकेशर, तमालपत्र इत्यादींनी युक्त असे शिरःस्नानही तो सांगतो. आवळा आणि लोह ह्यांच्या संयोगाने काळा रंग येतो, हे आजही लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. एवढ्या प्रतिष्ठित शास्त्रकाराला हा विषय क्षुद्र वाटला नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

‘मेघदूता’तच दुसरी एक वेणी आहे. ती निगा न राखलेली आहे. यक्षाच्या विरहिणी पत्नीने वियोगाच्या पहिल्या दिवशी केस एकाच वेणीत गुंफले. शाप सरेपर्यंत ती सोडावयाची नाही, आणि सरल्यावर ती यक्षानेच स्वहस्ते सोडावयाची, असा संकेत आहे. मधल्या काळात ती खरखरीत व ओबडधोबड होऊन गालावर येते. काव्यशास्त्रात ह्याला विरहचिन्ह म्हणतात. पण त्याच्या मुळाशी एक साधी व्यावहारिक जाणीव आहे : वेणी एकटीने नीट राहत नाही. तिला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. ही जाणीव पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे, असे मला वाटते.

(३)

अठराव्या शतकात मराठे माळव्यात स्थिरावले. उदाजी पवार व त्यांचे बंधू आनंदराव ह्यांच्या पराक्रमाने धार, आणि तुकोजी व जिवाजी ह्या बंधूंच्या पराक्रमाने १७२८ च्या सुमारास देवास, अशी पवारांची ठाणी झाली. देवासच्या पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या, आणि एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली. टेकडीवरच्या चामुंडेशेजारी तुळजाभवानीचेही नाव घेतले जाऊ लागले. १७७५ साली धारच्या किल्ल्यात आनंदीबाई प्रसूत होऊन दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. ह्या घटना इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. ज्या स्त्रिया ह्या स्वारांच्या, कारकुनांच्या, पुराणिकांच्या आणि शागिर्दपेशांच्या पाठोपाठ नर्मदा ओलांडून आल्या, त्यांच्या सामानात फणेरपेटीही होती. आरसा, फणी, कंगवा, मेण, कुंकवाचा करंडा आणि आगवळ एवढा तिचा ऐवज. मात्र ह्या पेटीने नव्या मुलखात कसे निभावले, हे पुस्तकांत सापडत नाही.

कारण देश बदलला होता. नारळ कोकणचा, माळव्याच्या काळ्या जमिनीत तो नाही. शिकेकाई सह्याद्रीच्या रानातली. माळव्यात तीळ व जवस पिकत, मांडवगडच्या बाजूच्या डोंगरांत आवळा मिळे, ओलीच्या जागी माका उगवे. म्हणून खोबरेलाची जागा बऱ्याच अंशी तिळाच्या तेलाने घेतली, आणि दक्षिणेतून येणारी शिकेकाई पुरवून पुरवून, रिठ्यात मिसळून वापरली गेली. हवाही निराळी. उन्हाळ्यात येथे कोरडा वारा सुटतो, काळ्या मातीची धूळ उडते. कोरडा केस तिच्याने लवकर खरबरीत होतो व तुटतो. कोकणातल्या दमट हवेत जी वेणी नुसत्या तेलाच्या हाताने बसते, ती येथे पदराच्या आडोशावाचून टिकत नाही. डोक्यावरील पदराला मर्यादेचा अर्थ होता. पण त्याने धुळीपासून केसही राखले जात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तिच्या प्रत्येक टप्प्याला शब्द आहे, आणि प्रत्येक नियमाला कारण आहे.

न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल जिरवावयाचे. ते बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे. तेल आधी का, ह्याचे उत्तर अलीकडच्या संशोधनानेही दिले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. खनिज तेलाने हे साधत नाही. दुसऱ्या दिवशी शिकेकाई, रिठा, आवळकाठी व नागरमोथा उकळून, गाळून, त्या पाण्याने न्हावयाचे. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट एक चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई-रिठ्याला ही अडचण येत नाही. म्हणून साबण घरोघर आल्यावरही वडीलधाऱ्या स्त्रिया केसांपुरता तो नाकारीत, ह्याला केवळ जुन्याची ओढ म्हणता येणार नाही.

न्हाल्यावर केस पिळावयाचे नाहीत. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपावयाचे. ओला केस ताणला जातो व लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसांची वेणी घालू नये, हा नियम. ओली वेणी वरून नीट दिसते, पण वाळताना सैल पडते, आणि आत राहिलेल्या ओलीने वास येतो. केस वाळल्यावर गुंता काढावयाचा. तो टोकाकडून मुळाकडे, आधी बोटांनी, मग विरळ दातांच्या कंगव्याने. ‘कंगवा’ हा शब्द ‘कंकता’पासून आलेला, म्हणजे अमरकोशातील वस्तू फणेरपेटीत नांदतच होती. फणी सर्वांत शेवटी. तिचे दात दाट असतात. ती केस गुळगुळीत करते आणि उवालिखाही काढते. जी मुलगी प्रथमच मुळापासून फणी ओढते, तिच्या हातात केसांचा पुंजका येतो आणि पाठीवर आजीचा धपाटा, हा शिक्षणक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

मग भांग. भांगानंतर पेड. सर्वसाधारण वेणी तीनपेडी. सणासुदीला पाचपेडी किंवा सातपेडी. पेड समान नसतील तर वेणी एका अंगाला वळते. ताण समान नसेल तर ती दुपारीच उसवते. मुळाशी फार आवळली तर कपाळ दुखते, आणि वर्षानुवर्षे तसेच केल्यास भांगाजवळचे व कानशिलांवरचे केस विरळ होत जातात. आधुनिक वैद्यक ह्या विकाराला स्वतंत्र नाव देते; आमच्या घरांत त्यासाठी नाव नव्हते, नियम होता : भांग अधूनमधून बदलावा, आणि निजताना खोपा सोडून सैल शेपटा घालावा. केस आखूड असतील तर वेणीत गंगावन घालीत. टोकाशी आगवळ. ही केस बांधण्याची दोरी होय. ती निम्म्या वेणीपासून पेडांबरोबर गुंफीत आणल्यास शेवटची गाठ सुटत नाही. नुसती टोकाला बांधली तर घसरते. वेणी पुरी झाल्यावर तिचा खोपा, अंबाडा किंवा बुचडा, आणि तो बसविण्यास आकडे. मूद, राखडी, केवडा, अग्रफूल, नाग हे अलंकार सणावारी. त्यांचा भार पेलण्यासाठी वेणी घट्ट व तेल बेताचे असावे लागे, कारण तेल जास्त झाले की सोन्याचे फूल घसरते.

तिन्हीसांजेनंतर केस विंचरू नयेत, हा निषेध तर सर्वश्रुत आहे. लक्ष्मी रुसते असे त्याचे स्पष्टीकरण देत. समईच्या उजेडात गळलेला केस दिसत नाही आणि तो ताटात येतो, हे त्यामागील व्यावहारिक कारण असावे. त्यामुळे वेणीफणीची वेळ ठरून गेली : दुपारची झाकपाक झाल्यावर आणि दिवे लागण्यापूर्वी. हा घटका-दोन घटकांचा काळ स्त्रियांचा असे. सासू सुनेची, जाऊ जावेची, शेजारीण शेजारणीची वेणी घाली, आणि घरातील मराठी बोली, ओव्या, उखाणे व कुलवृत्तान्त ह्या काळात एका पिढीकडून दुसरीकडे जात. हिंदी व माळवी भाषांच्या मधोमध वसलेल्या ह्या घरांत मराठी टिकली, तिचे श्रेय आपण संस्थानी दप्तराला आणि मराठी शाळांना देतो. त्यातला काही वाटा ह्या ओसरीवरच्या दुपारींनाही दिला पाहिजे.

(४)

वेणीला दुसऱ्याचा हात लागतो, असे वर म्हटले. हा हात समाजाने कोणाला द्यावयाचा आणि कोणाचा काढून घ्यावयाचा, हे ठरवून टाकले होते. ह्या इतिहासाची काळी बाजू तीच आहे.

प्रयागला गेलेल्या महाराष्ट्रीय जोडप्यांत वेणीदानाचा विधी आहे. त्रिवेणीच्या काठी पती पत्नीचे केस विंचरून तिची वेणी घालतो, तिचे टोक थोडेसे कापतो आणि ते संगमात अर्पण करतात. पुरुषाने फणी हाती घेण्याचा हा बहुधा एकमेव धर्मसंमत प्रसंग असावा. तीन नद्यांच्या संगमाला ‘वेणी’ म्हणणाऱ्यांना तीनपेडी वेणी चांगली परिचित होती. तीन पेडांतील एक नेहमी दोहोंखाली दडलेला असतो, तशी सरस्वतीही तेथे दिसत नाही.

तोच पती निधन पावला म्हणजे त्याच केसांची गती काय होई, हे सर्वांस विदित आहे. ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही घरांत विधवेचे केशवपन होई. जन्मभर तेल-पाण्याने वाढविलेले केस काही क्षणांत जमिनीवर पडत; आणि पुढे ठराविक काळाने पुनःपुन्हा तेच. दक्षिणेतून माळव्यात आलेली घरे आपली कुलदैवते व पाककृती घेऊन आली, तशी ही रूढीही घेऊन आली. जिचे केस काढले, तिची दुपारच्या त्या ओसरीवरील जागाही गेली. कारण वेणीफणीत केवळ केसांची निगा नव्हती. त्या निमित्ताने मिळणारा स्पर्श, बोलणे आणि सोबत ह्यांनाही ती मुकली.

ह्याविरुद्ध आवाज उठला तो महाराष्ट्रात. १८८८ साली सुरू झालेल्या ‘सुधारका’त आगरकरांनी वपनाच्या रूढीवर कठोर प्रहार केले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’त क्रमशः येऊ लागली; तिच्यातील यमूच्या वपनाचा प्रसंग वाचून मराठी घरे हादरली. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने नाभिक बांधवांनी सभा भरवून, विधवांच्या केसांना आम्ही वस्तरा लावणार नाही, असा निर्धार केला. विद्वानांच्या वादापेक्षा ह्या श्रमिकांच्या नकाराचे मोल मला अधिक वाटते. कारण रूढी चालते ती कोणाच्या तरी हातांनी, आणि त्यांनी तो हातच आवरला.

धारच्या इतिहासात एक विधवा स्त्री राज्यकर्ती म्हणून तळपली, हेही येथे स्मरावे. १८०७ साली दुसरे आनंदराव पवार वारल्यावर मैनाबाईंनी शिंदे-होळकरांच्या धामधुमीत ते राज्य राखले. राजघराण्याची रीत आणि भटा-कारकुनांच्या घरची रीत वेगळी होती. एकाच गावात एक विधवा राज्य चालवीत होती आणि दुसरी अंधाऱ्या खोलीत डोकीवर आलवण ओढून बसत होती. शास्त्र दोघींना एकच. फरक होता तो अधिकाराचा.

(५)

१९४८ साली धार व देवास ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात गेला. तोपर्यंत मुलींच्या शाळांनी वेणीचा नवा अध्याय सुरू केला होता : दोन वेण्या, वर दुमडून, लाल किंवा पांढऱ्या रिबिनीत. ह्या दोन वेण्यांत जातीचा किंवा सौभाग्याचा कोणताही संकेत नव्हता. दक्षिणी ब्राह्मणाची, मराठ्याची, माळवी शेतकऱ्याची व भिल्लाची मुलगी एकाच रांगेत एकाच रचनेत उभी राहिली. शाळेने केलेली ही समता लहान असेल, पण डोळ्यांना दिसणारी होती. आज वेण्या घालून येणाऱ्या मुली कमी झाल्या आहेत, केस आखूड ठेवण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, आणि ते असावयासच हवे. ज्या समाजात केस राखणे एका स्त्रीला सक्तीचे आणि दुसरीला निषिद्ध होते, त्या समाजाविषयी हळहळण्याचे कारण नाही.

हळहळ आहे ती वेगळ्या गोष्टीची. धार-देवासच्या मराठी घरांत आज वेणीची ‘चोटी’ झाली आहे, खोप्याचा ‘जूडा’ झाला आहे, कंगव्याची ‘कंघी’ झाली आहे. शेजारच्या भाषेतून शब्द घेण्यात कमीपणा नाही. त्या भाषेनेही आपले शब्द घेतले आहेत. परंतु ‘आगवळ’, ‘पेड’, ‘गंगावन’, ‘धुरी’, ‘शेपटा’ ह्यांना पर्यायच आला नाही. ते शब्द गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्या शब्दांत साठवलेली रीतही गेली. मूल ‘आगवळ’ विसरले, म्हणजे दोरी टोकाला न बांधता निम्म्यापासून गुंफावी हेही विसरले. मग वेणी टिकत नाही, आणि केसांत दम नाही म्हणून तेलाची नवी बाटली आणली जाते.

आपल्या साहित्यसंस्थांनी माळव्यातील मराठी कागदपत्रे, बखरी व कवी ह्यांचे संशोधन बरेच केले आहे. त्याच आस्थेने ऐंशीच्या पुढच्या स्त्रियांकडे जाऊन वेणीफणीचे शब्द व नियम टिपून घेतले पाहिजेत. प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ, त्याची कृती आणि तो कोणत्या गावच्या, कोणत्या घरच्या बोलीतला, एवढे लिहिले तरी पुरे. हे काम महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी एका उन्हाळ्याच्या सुटीत करू शकतील. त्यात वपन झालेल्या आज्या-पणज्यांविषयी घरांत ज्या गोष्टी सांगितल्या जात असतील, त्याही वगळू नयेत. केस राखण्याच्या विद्येचा इतिहास लिहिताना, ज्यांना ते राखू दिले नाहीत त्यांची नोंद केली नाही, तर तो इतिहास एका पेडाने उणा राहील.